उइगुर आणि सुंदानी: मराठी माणसाला जवळची कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाषाविज्ञानात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला सेमिनारसाठी उइगुर आणि सुंदानी या दोन भाषांची तुलना करायची आहे. दोन्ही आशियातल्या, दोन्ही बोलणारे समाज मुख्यतः मुस्लिम, दोन्ही अरबी लिपीत लिहिल्या गेलेल्या. शब्दयाद्या चाळताना तिला ‘किताब’, ‘दुन्या’, ‘जवाब’ हे शब्द दोन्हीकडे सापडले. तिने विचारलंय की या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत का, आणि मराठी माणसाला यातली कोणती लवकर येईल?

नात्यातल्या नाहीत. पण एवढं सांगून उत्तर संपत नाही, कारण खरी अडचण वेगळीच आहे. दोन भाषांमध्ये काहीतरी सारखं दिसलं तर ते कुठून आलं हे कसं ठरवायचं, ती अडचण. साम्य रक्ताच्या नात्यातून येतं, शेजारपणातून किंवा व्यापारातून येतं, नाहीतर निव्वळ योगायोगाने येतं. आणि पाहणारा मराठी असला की मध्ये त्याची स्वतःची भाषा लुडबुड करते. कधी ती मदत करते, कधी चकवते. मी गेली वीस-बावीस वर्षं भाषांच्या रचनेचा अभ्यास करतो आणि शिकवतो. सुंदानी इंडोनेशियातल्या बांडुंग आणि गारुतमध्ये राहून शिकलो, उइगुर कझाकस्तानातल्या अल्माटीत एका निवृत्त शिक्षिकेकडे. दोन्हीकडे माझी फजिती झाली, पण वेगवेगळ्या कारणांनी. या उत्तराचा बराचसा भाग त्या फजितीतूनच आलेला आहे.

आधी एक खुलासा. सुंदानीचा सुदानशी काही संबंध नाही. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा आमच्या काकूंनी “तिकडे वाळवंटात ऊन फार” म्हणून टोपी दिली होती. ती मी बांडुंगच्या पावसात घातली. सुंदानी ही जावा बेटाच्या पश्चिम भागातली, म्हणजे इंडोनेशियाच्या पश्चिम जावा आणि बांतेन प्रांतांतली भाषा. सुंदानी लोकांची संख्या साडेतीन कोटींच्या वर आहे, आणि इंडोनेशियाच्या प्रादेशिक भाषांत जावानीच्या खालोखाल तिचाच नंबर लागतो. कूळ ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मलय, जावानी, फिलिपिनो, थेट मादागास्करची मलागासी यांच्या घरातली. उइगुर चीनच्या शिनजियांग प्रांतातली, शिवाय कझाकस्तान, किरगिझस्तान, उझबेकिस्तानातही बोलली जाते. चीनच्या 2020 च्या जनगणनेत शिनजियांगमध्ये उइगुर लोकसंख्या सुमारे 1.16 कोटी होती. कूळ तुर्की, आणि सगळ्यांत जवळची बहीण उझबेक.

नातं नाही हे कशावरून? किताब-जवाब बाजूला ठेवा. ते शब्द परगावाहून आलेले आहेत. भाषेचं कूळ तपासायचं तर आकडे, शरीराचे अवयव, पाणी-आग असे सहसा उसने न घेतले जाणारे शब्द बघायचे. उइगुर मोजते: बिर, इक्की, उच, तोत, बॅश. सुंदानी मोजते: हिजी, दुआ, तिलू, ओपात, लिमा. डोळा एकीकडे ‘कोझ’, दुसरीकडे ‘पानोन’. पाणी एकीकडे ‘सू’, दुसरीकडे ‘चाइ’. पाच मिनिटांत निकाल लागतो.

इथेच पहिला चकवा आहे. ‘दुआ’ ऐकून आपल्याला ‘दोन’, ‘द्वि’ आठवतं आणि हा संस्कृत शब्द असणार असं वाटतं. तो संस्कृत नाही. बहुतेक ऑस्ट्रोनेशियन भाषांत तो वेगवेगळ्या रूपांत आहे, आणि संस्कृत त्या बेटांवर पोचण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. दुसरा चकवा पाण्याचा. सुंदानीत ‘चाइ’ म्हणजे पाणी, म्हणून त्या भागातल्या नद्यांची नावं ‘चि’ने सुरू होतात: चितारुम, चिलिवुंग, चिमानुक. उइगुरमध्ये ‘चाय’ म्हणजे चहा. बांडुंगला पहिल्या आठवड्यात मी चहा समजून दोनदा पाणी प्यायलो. तिसरा चकवा घरातल्या नात्यांचा. उइगुरमध्ये ‘आका’ म्हणजे मोठा भाऊ, सुंदानीत ‘आकांग’ म्हणजे मोठा भाऊ, आणि आपल्याकडे अक्का म्हणजे मोठी बहीण. अशी तिन्ही एका ओळीत मांडून कोणी सिद्धांत उभा करू लागला तर त्याला चहा द्या (उइगुर अर्थाने) आणि घरी पाठवा. आई-वडील-भावंडांचे बोबडे शब्द जगभर असेच सारखे असतात.

आता उसन्या शब्दांकडे येऊ, कारण सेमिनारसाठी खरा मसाला तिथे आहे. मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण अरबी ‘फिक्र’ या शब्दाचं. तो फारसीमार्फत, खुश्कीच्या वाटेने उइगुरमध्ये गेला आणि ‘पिकिर’ झाला. अर्थ विचार, मत. मलयच्या वाटेने, म्हणजे समुद्रमार्गाने, सुंदानीत गेला आणि तिथेही ‘पिकिर’च झाला. त्यावरून क्रियापद ‘मिकिर’, विचार करणे. हजारो किलोमीटर अंतरावरच्या, एकमेकींना कधीही न भेटलेल्या दोन भाषांनी एकाच शब्दाचं अगदी तेच रूप केलं. कारण साधं आहे: मुळात दोघींकडेही ‘फ’चा तो दात-ओठांचा उच्चार नव्हता, आणि नसलेल्या आवाजाची जागा दोघींनी ‘प’ने भरली. आपला ‘फक्त’ उइगुरमध्ये ‘पॅक़ॅत’ होतो, तोही याच न्यायाने. सुंदानी माणसांवर तर इंडोनेशियात एक विनोदच आहे. सुंदानी माणसाला म्हणे ‘फ’ म्हणता येत नाही. त्यावर तो चिडून म्हणतो, “हे पितनाह आहे!” ‘फितनाह’, म्हणजे बदनामी, म्हणायचं असतं बिचाऱ्याला. मराठीने हाच शब्द घेतला तो ‘फिकीर’ म्हणून आणि त्याची काळजी करून टाकली. तिकडे विचार, इकडे चिंता. यावरून मराठी स्वभावावर कोणी काही बोललं तर मी त्या वादात पडणार नाही.

म्हणजे एक साम्य (पिकिर-पिकिर) उसनवारी अधिक समान ध्वनिव्यवस्था यांतून आलं, आणि दुसरं (आका-आकांग) योगायोगातून. दोन्ही कागदावर सारखीच दिसतात. तुलना म्हणजे ही दोन वेगळी काढण्याचं काम.

उइगुरमधले फारसी-अरबी शब्द वाचताना मराठी माणसाला शिवकालीन कागदपत्रं वाचल्यासारखं वाटतं. बाजार, दुकान, दोस्त, बाग, हवा, शहर, मेवा, अस्मान, खबर, तयार, सगळे थोड्या उच्चारफरकाने हजर. पण अर्थ तपासून घ्या. ‘दॅर्या’ म्हणजे समुद्र नव्हे, नदी. शिनजियांगमधल्या तारीम खोऱ्यात समुद्र नाहीच, तेव्हा मोठं पाणी म्हणजे नदी. ‘हॅप्तॅ’ म्हणजे आठवडा, कर्जाचा हप्ता नव्हे. दोन्ही एकाच फारसी ‘सात’वरून.

सुंदानीत आपल्याला भेटतं ते संस्कृत. बोगोरजवळ चिआरुतेउनला पाचव्या शतकातला, पूर्णवर्मन राजाचा शिलालेख आहे. भाषा संस्कृत, लिपी पल्लव, आणि दगडावर राजाची पावलं कोरलेली. तेव्हापासूनचा हा थर आहे. भाषा म्हणजे ‘बासा’, आवाज म्हणजे ‘सोरा’ (स्वर), अर्थ म्हणजे ‘हार्ती’, सुख म्हणजे ‘बाग्जा’ (भाग्य). माणूस म्हणजे ‘जाल्मा’. हा आपला ‘जन्म’, फक्त जन्मणाऱ्याला चिकटलेला. आणि माझा लाडका शब्द ‘सागाला’: म्हणजे सगळं. संस्कृत ‘सकल’ आपल्याकडे ‘सगळा’ झाला आणि तिकडे ‘सागाला’. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वळून मागे बघितलं होतं, कोणी मराठी आहे का म्हणून.

जाता जाता गोव्याचा एक धागा. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतलं, 1511 मध्ये मलाक्का, आणि 1522 मध्ये सुंदाच्या राजाशी तह केला. त्या तहाचा कोरीव दगड आज जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पोर्तुगीज शब्द सुंदानीत आजही आहेत: खिडकी म्हणजे ‘जांदेला’, बूट म्हणजे ‘सापातू’. गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात आणि आपल्या आजोबांच्या पायांत सपाता असायच्या. दोन्ही टोकांना एकच खलाशी उतरले होते.

इथपर्यंत शब्द झाले. पण माझ्या अनुभवात भाषा अवघड किंवा सोपी वाटते ती रचनेमुळे, शब्दांमुळे नाही. तेव्हा एक छोटं वाक्य घेऊ: मुलाने पोळी खाल्ली.

उइगुर: बाला नान्नी येदी. मूल, पोळीला, खाल्ली. आपला क्रम. कर्म आधी, क्रियापद शेवटी, विभक्तीप्रत्यय नामाच्या मागे चिकटलेला.

सुंदानी: बुदाक दाहार रोती. मूल, खाणे, पोळी. क्रियापद मध्ये, प्रत्यय कुठेच नाही. ‘रोती’ ही आपलीच रोटी, ती भारतातूनच गेली. क्रियापदात काळही नाही. खाल्ली, खातोय, खाणार, हे वेगळ्या सुट्या शब्दांनी सांगायचं.

आता अनेकवचन करू. मुलांनी पोळी खाल्ली. उइगुरमध्ये ‘बालिलार नान्नी येदी’. नामाला ‘लार’ लागला आणि त्यामुळे ‘बाला’तला शेवटचा आ बदलून इ झाला. क्रियापद मात्र होतं तसंच, कारण तृतीयपुरुषात एकवचन-अनेकवचन वेगळं नाही. सुंदानीत ‘बारुदाक दालाहार रोती’. बघा काय झालं: ‘बुदाक’च्या पोटात ‘आर’ शिरला आणि ‘बारुदाक’ झाला. ‘दाहार’च्याही पोटात तोच प्रत्यय शिरला, पण त्या शब्दात आधीच र असल्यामुळे दोन र टाळायला तो ‘आल’ होऊन ‘दालाहार’ झाला. म्हणजे खाणारे अनेक आहेत हे खाण्याच्या क्रियेच्या पोटातच घालून ठेवलंय. हा प्रत्यय सक्तीचा नाही, संदर्भ असेल तर गाळतात, पण असा मध्ये घुसणारा प्रत्यय मराठीत शोधून सापडायचा नाही. विद्यार्थ्यांना मी हे फळ्यावर दाखवतो तेव्हा वर्ग जागा होतो.

उइगुरमध्ये प्रत्यय शेपटासारखे एकामागून एक. ‘ओय’ म्हणजे घर, ‘ओयलॅर’ घरं, ‘ओयलिरिमिझ’ आमची घरं, ‘ओयलिरिमिझदिन’ आमच्या घरांतून. सुंदानीत ‘घरातून’ म्हणजे ‘ती इमाह’, ‘घरात’ म्हणजे ‘दी इमाह’, ‘घराकडे’ म्हणजे ‘का इमाह’. शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी. आपल्या डोक्याला हे उलटं वाटतं आणि घाईत बोलताना मी महिनोन्महिने ‘इमाह ती’ म्हणत होतो.

उइगुरमधला आ-चा इ किंवा ए होण्याचा प्रकार हिंदी भाषकांना छळतो. आपल्याला कमी, कारण सामान्यरूपाची सवय लहानपणापासून आहे. मूल-मुलाला, फूल-फुलाला, पाणी-पाण्यात: प्रत्यय लागला की शब्द अंग चोरतो, हे आपण गृहीतच धरतो. तरी मी यात एकदा आपटलो. अल्माटीतल्या बाजारात एका नानवाल्या बाईंनी गरम नान पुढे केली आणि म्हणाल्या, “यॅप बेक़िंग.” बेकिंग? दुकान नानचं होतं, म्हणून मला तो इंग्रजी शब्दच वाटला. घरी येऊन कोशात ‘बेक़’ धातू शोधला, सापडेना. शिक्षिकाबाई हसल्या. धातू ‘बाक़’, पुढे ‘इंग’ लागल्यावर आ-चा ए झाला. बाक़ म्हणजे मूळ अर्थाने बघणे. यॅप बेक़िंग: खाऊन बघा.

खाऊन बघा. यात आपलं एक आख्खं व्याकरण लपलेलं आहे. उइगुरमधला ‘-इप’ हा आपला ‘-ऊन’. येझिप म्हणजे लिहून. मग ‘येझिप क़ोय’: लिहून ठेव. ‘येझिप बॅर’: लिहून दे. ‘येझिवाल’: लिहून घे (‘येझिप आल’ आक्रसून झालेलं). ‘येझिवॅत’: लिहून टाक. ‘एलिप कॅल’: घेऊन ये. ‘एलिप कॅत’: घेऊन जा. ‘कियिप बाक़’: घालून बघ, म्हणजे दुकानात कोट घालून बघतो तसं. ठेव, दे, घे, बघ ही क्रियापदं मूळ अर्थ सोडून दुसऱ्या क्रियापदाला रंग देतात, हे इंग्रजीतून शिकणाऱ्याला समजवायला मी पूर्वी दोन तास घेत असे. मराठी विद्यार्थ्याला दोन मिनिटं पुरतात. हे नातं नव्हे, आणि थेट उसनवारीही नव्हे. भाषावैज्ञानिक कॉलिन मसिका यांनी 1976 मध्ये दाखवून दिलं होतं की भारतीय भाषांची म्हणून मानली जाणारी बरीच वैशिष्ट्यं हिमालयापलीकडे मध्य आशियातही पसरलेली आहेत. एक प्रचंड मोठा शेजार आहे हा, आणि उइगुर-मराठी त्याच्या दोन टोकांना राहतात.

सुंदानी या शेजाराच्या बाहेर आहे. तिथे हा आधार मिळत नाही. तिथे मराठी माणसाची खरी परीक्षा होते ती ‘उंदाक-उसुक’ म्हणजे बोलण्याच्या पायऱ्यांची. खाणे या एका क्रियेला सलगीत ‘दाहार’, स्वतःबद्दल नम्रपणे ‘नदा’, दुसऱ्याबद्दल आदराने ‘तुआंग’, तान्ह्या मुलासाठी ‘अमाम’, आणि जनावरासाठी, किंवा भांडणात माणसासाठी, ‘न्यातू’ (आपलं ‘गिळ एकदाचं’ त्याच्या जवळ जाईल). घर सलगीत ‘इमाह’, माझं घर ‘रोरोम्पोक’, तुमचं घर ‘बुमी’. भूमीच ती. दुसऱ्याचं डोकं ‘मास्ताका’, दुसऱ्याचं मूल ‘पुत्रा’. संस्कृत शब्द बहुतेक वेळा वरच्या पायरीवर बसलेले दिसतील, जसे आपल्याकडे ‘जेवण’ घरचं आणि ‘भोजन’ पत्रिकेवरचं.

गारुतला एका घरी जेवायला गेलो होतो. आजीबाई म्हणाल्या, “मांग्गा, तुआंग.” बसा, जेवा. मला वाटलं, तोच शब्द परत वापरला की बिनचूक होणार. म्हणून ऐटीत म्हणालो, “मुहुन, आब्दी बादे तुआंग.” होय, मी जेवणार. पोरं तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसली, एक तर उठून आत पळाली. मी स्वतःलाच आदरार्थी शब्द लावला होता. मराठीत समजा कोणी म्हणालं, “या ना, पायधूळ झाडा,” आणि पाहुणा म्हणाला, “हो हो, उद्या येऊन मी तुमच्याकडे पायधूळ झाडतो,” तर कसं वाटेल, तसं. आजींनी हळूच दुरुस्त केलं: नदा, नदा. तो शब्द मी परत कधी चुकलो नाही.

या पायऱ्या सुंदानीच्या मूळच्या नाहीत. सतराव्या शतकात प्रियांगन या डोंगराळ भागावर माताराम या जावानी राज्याची सत्ता आली आणि दरबारी जावानीच्या धर्तीवर हे वळण रुजलं. बांतेनमधल्या बादुई लोकांच्या बोलीत आजही या पायऱ्या नाहीत. म्हणजे शेजारपणातून केवळ शब्द येत नाहीत, कोणाशी कसं बोलावं याची अख्खी रीत येऊ शकते. उइगुरमध्येही सॅन, सिझ, सिली अशा चढत्या आदराचे ‘तू-तुम्ही-आपण’ आहेत, पण ते आपल्याला पचतं. क्रियापदच बदलावं लागत नाही.

लिंगाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे सुट्टी. तो, ती, ते सगळं एकच. आपली मुलं टेबल आणि खुर्चीचं लिंग पाठ करतात, त्यांना हा मोठाच दिलासा.

उच्चारांत उइगुरचे दोन गोल स्वर त्रास देतात: ओठ ‘उ’सारखे गोल करून ‘ई’ आणि ‘ओ’सारखे गोल करून ‘ए’. मी वर देवनागरीत ‘उच’, ‘कोझ’, ‘ओय’ लिहिलं ती तडजोड आहे. सुंदानीत उलट कसरत: ओठ पसरलेले ठेवून ‘उ’ काढायचा. बांडुंगचा आंबवलेला कसावा ‘पूयूम’ म्हणून मागाल तर विकणारा आधी हसेल आणि मग देईल. शिवाय सुंदानीत म, न नंतरचे स्वर नाकात शिरतात आणि पुढेपुढे पसरत जातात. ‘माहाल’, म्हणजे महाग, यातले दोन्ही आ नाकातले. रॉबर्ट रॉबिन्स या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने 1957 मध्ये याच्यावर लिहिलं आणि ध्वनिशास्त्राच्या वर्गांत सुंदानी कायमची जाऊन बसली.

लिपीबद्दल दोन वाक्यं पुरेत. आजची उइगुर चीनमध्ये अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, पण त्यात प्रत्येक स्वर लिहिलेला असतो, त्यामुळे उर्दूपेक्षा वाचायला सोपी. कझाकस्तानात सिरिलिक, म्हणजे रशियन वळणाची लिपी. सुंदानी रोजच्या व्यवहारात रोमन, पण तिची जुनी लिपी ब्राह्मीची नात आहे आणि प्रमाणित होऊन 2008 मध्ये युनिकोडमध्ये आली. क्रम का-गा-ङा, चा-जा-ञा, ता-दा-ना. महाप्राण गाळलेली बाराखडीच. स्वर मारणाऱ्या चिन्हाचं नाव ‘पामाएह’, शब्दशः ‘मारेकरी’. आपलं हलन्त त्याच्यापुढे फारच सोज्वळ.

मग लवकर कोणती येईल? हे तुम्ही कशाला ‘येणं’ म्हणता त्यावर आहे. सहा महिन्यांत लांबलचक वाक्य न अडखळता जुळवायचं असेल तर उइगुर. मराठीत विचार करून शब्द बदलत गेलात तरी बऱ्यापैकी वाक्य होतं. बाजारात, रिक्षात, लोकांत लगेच बोलू लागायचं असेल तर सुंदानी. रूपं चालवावी लागत नाहीत, आणि ‘माह’, ‘तेह’, ‘आतुह’ हे अव्ययांचे तुकडे आपल्या ‘तर’, ‘च’, ‘की’सारखेच जिभेवर बसतात. ‘हायू आतुह’ म्हणजे ‘चल की’. शिवाय त्यांच्याकडे ‘गक दिउक’ (धपकन बसला), ‘जुंग नांग्तुंग’ (ताडकन उठला), ‘लेओस इंदित’ (सटकन निघून गेला) असे प्रत्येक क्रियेचे ठरलेले नाद-शब्द आहेत. मराठी कान यावर लगेच प्रेम करतो. पण सासरच्या माणसांशी, शिक्षकांशी, वडीलधाऱ्यांशी नीट सुंदानी बोलायला मला वर्षं लागली.

आणि भाषा बोलणारी माणसं भेटणार का, हाही भाग आहे. सुंदानीसाठी बांडुंगला जा. शाळेत भाषा शिकवली जाते, साहित्याला 1989 पासून रांचागे पुरस्कार आहे, माणसं बोलायला उत्सुक. उइगुरसाठी शिनजियांगमध्ये जाऊन काम करणं आज व्यवहार्य नाही. शाळांतून भाषेचं माध्यम म्हणून स्थान गेलंय, आणि लोककथा-लोकश्रद्धांचा अभ्यास करणाऱ्या, राहिले दावुत नावाच्या विदुषी 2017 पासून कोठडीत आहेत. अल्माटी किंवा इस्तंबूलमधले उइगुर भाषक घ्या, पण अल्माटीच्या बोलीत रशियन मिसळलेली असते हे नोंदवा. ज्यांच्याशी बोलाल त्यांची नावं सेमिनारमध्ये अजिबात लिहू नका. त्यांचे नातेवाईक शिनजियांगमध्ये आहेत. ‘उइगुर’ नावाचाही घोळ सांभाळा: शिनजियांगमधल्या तुर्फानच्या बौद्ध हस्तलिखितांतली जुनी उइगुर (त्यात ‘पुण्य’चं ‘बुयान’ झालेलं सापडतं) ही आजच्या उइगुरची थेट आई नाही. आजच्या समाजासाठी हे नाव 1921 मध्ये ताश्कंदच्या एका बैठकीपासून पुन्हा रूढ झालं.

विषय मला निवडायचा असता तर मी अख्ख्या भाषांची तुलना केलीच नसती. एकच प्रश्न घेतला असता: ऐकीव बातमी कशी सांगतात? उइगुरमध्ये ‘कॅल्दी’ म्हणजे आला, मी पाहिला. ‘कॅप्तू’ म्हणजे आलाय म्हणे, किंवा आलेला दिसतोय. फरक क्रियापदाच्या शेपटात. सुंदानीत क्रियापद हलत नाही, शेवटी सुटा ‘चनाह’ लावतात, तो आपला ‘म्हणे’च. तीन भाषा, एक गरज, आणि मराठी यात परकी निरीक्षक न राहता तिसरा पुरावा होते. पंधरा पानांचा सेमिनार यात आरामात होईल, आणि किताब-जवाबच्या यादीपेक्षा परीक्षकांनाही बरं वाटेल.

या भाषकांसमोर बसाल तेव्हा सुंदानी माणसाला ‘खाल्लं’ला काय म्हणता विचारा. तो आधी तुम्हालाच विचारेल, “कोणी खाल्लं?” उइगुर बाईंना ‘आला’ म्हणजे काय विचारा. माझ्या शिक्षिकाबाईंनी वहीवरून नजर न उचलता विचारलं होतं, “तू बघितलास का त्याला?” हे दोन्ही उलटप्रश्न जसेच्या तसे टिपून घ्या. पहिलं प्रकरण तिथूनच लिहायला घ्या.